राणी चावत नाही

माझ्या फडताळात औषधाची एक जुनी बाटली आहे. रुंद तोंडाची, बुचाला दोन भोकं आणि दोन्ही भोकांत बोरूच्या पोकळ नळ्या. नातवंडं विचारतात, हे काय गं आजी? मी म्हणते, मुंग्या ओढायचं यंत्र. ती पोट धरधरून हसतात. हसा बापड्यांनो, मीही एकदा हसले होते.

ते यंत्र माझ्या सासऱ्यांनी केलेलं. मामंजी मराठी शाळेत मास्तर होते. पेन्शनीत निघाल्यावर कशेळ्याच्या घरी येऊन राहिले आणि त्यांना मुंग्यांचा नाद लागला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा मुंबईला नोकरीत, पंधरवड्यातून एकदा यायचा. म्हणजे घरात मामंजी, मी आणि मुंग्या. मी सतरा वर्षांची होते आणि तोंडाची भारी फटकळ.

बाटलीच्या एका नळीला आतल्या टोकाशी मलमलीची चिंधी बांधलेली होती. ती नळी तोंडात धरायची, दुसरी मुंगीवर रोखायची आणि श्वास आत ओढायचा, की मुंगी सुळकन बाटलीत. एकदा चिंधी सुटली आणि मामंजी थू थू करत परसात धावले. मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. "हसतेस काय गं, तांब्या आण!" ओरडले, आणि चूळ भरता भरता स्वतःच हसायला लागले.

मुंग्यांचं घर म्हणजे सुताराकडून करून घेतलेली लाकडी चौकट. दोन्ही बाजूंना खिडकीच्या काचा, मधे निम्म्यापर्यंत माती, वर झाकण. चौकटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले, फडताळाचे ठेवतो तसे. साफसफाईचं सामान वेगळ्या डबीत असे: सोनाराकडचा बारीक चिमटा, खारीच्या केसांचा कुंचला, काडीला गुंडाळलेलं मलमलीचं फडकं. मुंग्या आपला केर एका कोपऱ्यात नेऊन टाकतात, मेलेल्याही तिथेच टाकतात. तो उकिरडा चिमट्याने उचलायचा आणि काच आतून ओल्या फडक्याने पुसायची. "पाण्याशिवाय दुसरं काही लावायचं नाही," मामंजींनी बजावलं होतं. माझा हात थरथरतो, म्हणून हे काम तू कर, असं म्हणाले. मला ते खरं वाटलं.

राणी आणली ती डोंगरातल्या ठाकरवाडीच्या एका बाईने. बाजाराच्या दिवशी ती मोळी विकायला खाली उतरायची आणि आमच्या ओटीवर घटकाभर टेकायची. मामंजींना मुंग्यांबद्दल जे ठाऊक होतं, त्यातलं निम्मं तिनेच सांगितलेलं. एका पावसाळ्यात तिने कमरेला खोचलेली बांबूची नळी काढून पुढे केली.

"मास्तर, घ्या तुमची राणी. दगडाखाली गावली. पोरंबाळं बी हायेत बरुबर."

मामंजींनी राणी तळव्यावर घेतली. काळीभोर, इतर मुंगळ्यांच्या दुप्पट, पोट टम्म भरलेलं. मग माझा हात धरून तिला माझ्या तळव्यावर सोडलं. मी अशी किंचाळले की शेजारीण धावत आली. "अगं, राणी चावत नाही," मामंजी म्हणाले. "चावायचं काम बाकीच्यांचं. हिला अंडी घालण्यातून सवड कुठे?" त्या दिवशी त्यांनी नव्या वहीत पहिली ओळ लिहिली: राणी आली, चावत नाही. अक्षर मोठं झालं होतं आणि ओळ सोडून खाली उतरलं होतं. मास्तरांचं अक्षर असं का, हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

दिवाळी झाली आणि मामंजींनी टुमणं लावलं. "काच धूसर आहे गं." मी पुसली. "अजून धूसरच आहे." परत पुसली. असं आठ दिवस. आता कंदिलाच्या काचा घासण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. माहेरची रीतच होती, आधी राख लावायची आणि मग घासलेटचं फडकं, की काच आहे की नाही कळू नये. आणि हे मला काच पुसायला शिकवणार! एका दुपारी ते निजले होते. माझं डोकं फिरलं. कंदिलाचं फडकं घासलेटात बुडवलं, काडीला गुंडाळलं आणि काच आतून-बाहेरून घासली. माझं तोंड दिसायला लागलं तिच्यात. घ्या म्हटलं, बघा आता! झाकण लावलं, वर काळं कापड टाकलं आणि भांडी घासायला गेले.

मामंजी उठले, चहा घेऊन देवळाकडे गेले. मी मोठ्या तोऱ्यात कापड काढलं. सगळ्या मुंग्या आडव्या पडलेल्या. राणी पाय पोटाशी घेऊन मातीवर होती. कुंचल्याने हलवली. नाही हलली.

सांगून टाकायचं होतं. दोन बोल बसले असते, दुसरं काय झालं असतं? पण मी भ्याले. मेलेल्या मुंग्या काढल्या, माती बदलली, चौकट तीनदा धुतली आणि मामंजींचीच बाटली तोंडात धरून परसातल्या शेवग्याखालचे मुंगळे ओढून आणून आत सोडले. मामंजी परत आले, पाट ओढून बसले, काचेला नाक लावलं.

"वा!" मामंजी म्हणाले. "आता कशी लख्ख दिसते राणी!"

तेव्हा मला कळलं, काच धूसर नव्हतीच. डोळे गेले होते त्यांचे, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

त्या दिवसापासून म्हणायला लागले, वाकून मान दुखते, तू बघ आणि मला सांग, वहीतही तूच लिही. रोज दिवे लागले की मी बसायची आणि सांगायची. आज राणी डावीकडे होती. आज अंडी जास्त दिसतात. ते मान डोलवायचे. आलेल्या-गेलेल्याला सांगायचे, "आमच्या सूनबाईची नजर बघा!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी परत तेच.

एकदा नवऱ्याने वडिलांबद्दल विचारलं, "अण्णांचे डोळे कसे आहेत? मुंबईला मोतीबिंदू काढतात. न्यायचं का?" मी म्हटलं, "मुंग्यांची अंडी दिसतात त्यांना, डोळ्यांना काय धाड भरलीय?" तो निर्धास्त परत गेला. मी असं का म्हटलं ते मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. दिसायला लागलं असतं, तर त्यांनी पहिल्यांदा त्या काचेत बघितलं असतं. माझी लबाडी झाकायला मी त्यांना आंधळं ठेवलं. दुसरा शब्द नाही त्याला.

ठाकरवाडीच्या बाईला मात्र एका नजरेत कळलं. मामंजी आत होते. ती काचेत डोकावली.

"हितं राणी नाय गं बाय."

"हळू बोल."

"मेली व्हय? मंग मी दुसरी आनते की."

आठ दिवसांनी आणलीन तिने, तशीच बांबूच्या नळीत. घ्यायची होती. पण ती साधी बाई, ओटीवर बसली की सहज बोलून जाणार, ही दुसरी हाय मास्तर. मी तिला परसदारीच अडवलं. मोळी नको, काही नको, परत येऊ नकोस, असं म्हटलं. ती बघतच राहिली. "मी तुला काय केलं गं?" एवढंच म्हणाली आणि नळी कमरेला खोचून गेली. आतून मामंजींनी विचारलं, "कोण गं? तिचा आवाज वाटला." म्हटलं, कुणी नाही. पुढचे कितीतरी बाजार ते ओटीवर तिची वाट बघत बसायचे.

चैत्रात मामंजींना ताप भरला तो उतरेना. एका संध्याकाळी म्हणाले, "त्यांना सोडून दे आता. त्याआधी राणीला एकदा माझ्या हातावर ठेव."

मी त्यातला त्यात मोठा मुंगळा चिमट्याने उचलला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. मामंजी हसले. दुसऱ्या हाताचं बोट हळूच त्याच्या पाठीवर नेलं. तसा तो कडकडून चावला.

"चावली," मामंजी म्हणाले.

"दमली असेल, म्हणून," मी म्हटलं.

मुंगळा बोटाला तसाच चिकटलेला. ते म्हणाले, "असेल. सोड तिला." मी तो सोडवून अंगणात टाकला, बाकीचे शेवग्याखाली ओतले. कंदील लावला आणि रोजच्यासारखी वही घेऊन त्यांच्या उशाशी बसले.

"वही नको आता," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आणि सूनबाई, काच धूसर नव्हती गं. तुला उगाच घासायला लावली मी."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी कंदिलाची वात सारखी करत बसले. तिसऱ्या दिवशी मामंजी गेले.