आतून आलेलं ‘हव’

दीदी गेल्याचा फोन तिच्या शेजारच्या वर्माबाईंनी केला, कारण दीदीच्या घरी फोन नव्हताच. शंकर नगरातल्या त्या घराच्या फाटकातून वर्माबाई रोज सकाळी हाक मारून तिची खुशाली घ्यायच्या. रडत म्हणाल्या, “भैया, सुबह मैंने आवाज़ दी थी. अंदर से ‘हव’ आया, तो मैं लौट गई.” दुपारीही दार बंदच दिसलं, तेव्हा त्यांनी माणसं बोलावून ते उघडवलं. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच गेल्या. मी भनपुरीच्या माझ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, ट्रकांच्या हॉर्नमध्ये फोन कानाशी दाबून बसलो होतो. वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल...

कारण माझी ही थोरली बहीण जन्मात कधी ‘हव’ म्हणाली नाही. ‘हव’ भाऊजींचं. घराणं वऱ्हाडातलं, पण रायपुरात नोकरी करता करता हा छत्तीसगढी होकार त्यांच्या जिभेवर असा बसला की काहीही विचारा, पेपरमधून मान वर न करता उत्तर एकच. भाजी आणता का? हव. मीठ जास्त झालं का? हव. दीदी चिडायची, “घराले आग लागली म्हटलं तरी हवच म्हणाल तुम्ही!” भाऊजी त्यालाही हव म्हणायचे. गेले तेही बैठकीतल्या वेताच्या खुर्चीत, पेपर मांडीवर ठेवून. दीदी तेव्हा स्वयंपाकघरात चटणी वाटत होती.

त्यानंतर तिनं मिक्सर कामवालीला देऊन टाकला. मग फ्रिज गेला आणि गोल बाजारातून माठ आला. मग कूलर. रायपूरच्या मे महिन्यात कूलर काढणाऱ्या बाईला काय म्हणावं? मी खवळलो, ती शांतपणे विंझणा हलवत राहिली. शेवटी तिनं विजेची जोडणीच तोडून घेतली. लोकांना यात सादगी दिसली. मराठी मंडळातल्या बायकांनी तिला भाषणाला बोलावलं. “गरजा कमी केल्या की घर मोठं होते,” एवढंच बोलून ती खाली बसली. टाळ्या पडल्या. मीसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचो, आमची दीदी अगदी साधू झाली म्हणून.

खरी गोष्ट शेवटच्या भेटीत कळली. माझ्यादेखत तिनं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्याचा सेल काढला.

“काहून, दीदी?”

“लय बोलते ते.” मग सेल मुठीत धरून म्हणाली, “त्या दिवशी मिक्सर चालू होता रे. मी विचारलं, चहा ठेवू का? अन् लगेच बटन दाबलं. त्याईनं हव म्हटलं, का मले हाक मारली, का काहीच नाही... मले ऐकूच आलं नाही. तेवढं एकदा ऐकाचं हाये.”

मग खुर्चीकडे बघत म्हणाली, “पंखा बंद केल्यापासून खुर्ची ऐकू येऊन राहिली. माणूस बसला का वेत वाजते ना, तसी.”

मी हसण्यावारी नेलं. पण निघेपर्यंत त्या खुर्चीवर काही बसलो नाही.

परवा घर भाड्यानं द्यायचं म्हणून वीज जोडणाऱ्याला बोलावलं होतं. तो यायच्या आधी फाटकाशी वर्माबाई भेटल्या. त्यांना विचारलं, तो आवाज कसा होता? “ज़रा भारी था, भैया. मुझे लगा, गला बैठा होगा.”

आत जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. भनपुरीचे हॉर्न कानातून उतरायला बराच वेळ लागला. दीदीची फार आठवण आली. इतकी वर्षं ती बिचारी एका शब्दासाठी कान देऊन बसली होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. बैठकीत वेत वाजला... उन्हानं लाकूड तडकतं, मी मनाला समजावलं. मग स्वतःचीच लाज वाटत विचारलं, “दीदी, आलं का वो ऐकू तुले?”

बराच वेळ काही नाही. मग आतून आलं, “हव.”

आवाज भारी नव्हता. दीदीचा होता.

वीजवाल्याला मी फाटकातूनच परत पाठवलं. खुर्ची अजून तिथंच आहे, स्वयंपाकघराकडे तोंड करून.