पोक लोहचं नाक आणि गाडीतला वास

मारांगच्या किनाऱ्यावर पोक लोहच्या नाकाला मान होता. पोक म्हणजे काका. त्याच्याहून वयाने मोठे लोकही त्याला पोकच म्हणायचे, कारण तो काकासारखा वागायचा. दुरियानचं काटेरी फळ न फोडता, नुसता देठापाशी हुंगून आतला गर पिकलाय की नाही ते तो सांगे. मासळी घेताना कल्ले उघडून बघणं त्याला कमीपणाचं वाटायचं. टोपलीवर जरासा वाकायचा, डोळे मिटायचा आणि ‘कालची’ एवढंच म्हणायचा. विकणारी बाई शपथा घेईपर्यंत तो पुढच्या टोपलीकडे पोचलेला असे.

या नाकासोबत त्याच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. रोज सकाळची नमाज झाली की गावातल्या बाजारवाल्या बायकांना घेऊन तो कुआला तेरेंगानू शहरात निघायचा. पुढच्या सीटवर मोक नाब बसे. ती वयाने सगळ्यात मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि पायाशी बुडूच्या बाटल्यांची टोपली. बुडू म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या बारीक मासळीचा काळपट रस. पानात तो नसला तर आमच्याकडे माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही, आणि कपड्यावर सांडला तर कपडा टाकून द्यावासा वाटतो. मागे काक तिजोह आणि आणखी दोघी. मोक म्हणजे मावशी, काक म्हणजे ताई. काक तिजोह डोक्याचे रुमाल विकायची, पण रुमालांपेक्षा तिच्या नकला जास्त खपायच्या. इमाम शिंकतात कसे, तलाठी हसतो कसा, पोक लोह गिअर टाकताना कण्हतो कसा, सगळं तिच्या तोंडात तयार असायचं.

गाडीत एकच कायदा होता. एसी चालू असताना काच खाली करायची नाही. कुणी केलीच तर पोक लोह घसा खाकरून विचारायचा, माझी गार हवा समुद्राला कशाला वाटताय. मग काक तिजोह त्याच्यासारखाच घसा खाकरायची आणि काच वर जायची.

एका पावसाळ्यानंतर गाडीत वास येऊ लागला. किल्ली फिरवली, एसीचं बटण दाबलं, की पहिला झोत तोंडावर यायचा तो ओल्या पोतेऱ्याचा. मग जरा कमी व्हायचा, पण जायचा नाही. पोक लोहने एक दिवस हुंगलं, दुसऱ्या दिवशी हुंगलं, आणि त्याच्या नाकाने निकाल दिला: बुडू. एकदा निकाल दिल्यावर ते नाक पुन्हा चौकशी करणाऱ्यांतलं नव्हतं.

आरशात मागच्या बायकांकडे बघत, मोठ्याने, त्याने सांगून टाकलं.

“मोक नाब, झाकणं नीट लावत चला. ही गाडी आहे, खारवणाचं पिंप नाही.”

काक तिजोहने लगेच नाक चिमटीत धरून ते वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं. मागे तिघी हसल्या. पोक लोहही हसला, कारण नक्कल चांगली जमली होती. मोक नाबने टोपली उचलून मांडीवर घेतली, तिच्यावर पदरासारखं आपल्या ओढणीचं टोक टाकलं आणि बाजार येईपर्यंत ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आल्या, पिशवीवर पिशवी, वर रबरबँड. मोक नाबचे केस ओले होते आणि अंगाला गुलाबाच्या अत्तराचा एवढा वास की मागची एकजण खोकली. त्या आठवड्याच्या शेवटी तिने पांदानची जुडी आणली. भाताला वास यावा म्हणून घालतात ती लांब हिरवी पानं. इथले गाडीवाले ती मागच्या काचेपाशी ठेवतात. वासही चांगला येतो आणि झुरळंही लांब राहतात. तिच्या अंगणात पांदानचं मोठं बेट होतं. जुडी तिने पोक लोहच्या हातात दिली.

पोक लोहला बरं वाटलं. बाई समजूतदार आहे, असं त्याने घरी बायकोला सांगितलंसुद्धा. पण पानं मागच्या काचेपाशी ठेवून फुकट घालवणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने डोकं चालवलं. समोरच्या काचेखाली, वायपरजवळ, जिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, त्या फटींमध्ये त्याने पानं दुमडून दुमडून कोंबली. वाराच पानांतून गाळून येईल, मग कुठला वास राहतोय.

दोन दिवस गाडीत बिर्याणी शिजत असल्यासारखं वाटलं. मग पानं कोमेजली आणि पोतेरं परत आलं. मोक नाबने नवी जुडी आणली. त्याने जुनी पानं न काढता ती वरून दाबली. पुढच्या आठवड्यात आणखी एक. वास आता पहिल्यापेक्षा वाईट होता; पोतेऱ्यात कुणीतरी भाजी बांधून विसरल्यासारखा.

आणि मग एका सकाळी, बाजाराच्या दारात, टोपल्या उतरत असताना पोक लोह ते बोलला. बाटल्यांवर चार चार पिशव्या होत्या, त्यामुळे बाटल्यांना दोष देता येत नव्हता.

“आता बाटल्यांचा नाही राहिला. अंगालाच लागलाय तुमच्या.”

या वेळी काक तिजोहनेही नक्कल केली नाही. शेजारचा केळीवाला मात्र ऐकत होता, आणि केळीवाल्याने ऐकलं की बाजाराने ऐकलं. मोक नाब ‘बरं’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती बसने गेली. बसथांबा तिच्या घरापासून लांब, पार पुलापलीकडे. पोक लोहने तिला टोपली डोक्यावर घेऊन पुलावरून चालताना पाहिलं आणि गाडी जरा जोरात काढली.

ती गेली, पण वास गाडीतच बसून होता.

पोक लोहने सीटची कव्हरं धुतली. कॉफीची पूड ठेवली, कोळसा ठेवला, लिंबं कापून ठेवली. बायको दारात उभी राहून बघायची. म्हणायची, तिचा वास होता तर तो तिच्यासोबत बसने का नाही गेला? यावर तो म्हणायचा, मुरलाय, गादीत मुरलाय. तोवर रोजे लागले. उपाशीपोटी नाक आणखी तल्लख होतं, त्यामुळे गाडीत बसणं म्हणजे शिक्षाच झाली. ईदला क्वालालंपूरहून मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती. बायकोने निक्षून सांगितलं की त्या गाडीत ती नातवाला बसवणार नाही. मग पोक लोह आ हॉकच्या गॅरेजात गेला.

आ हॉक त्याचा शाळेतला दोस्त. त्याने एसी लावला, एक श्वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ दिसेनासा झाला. मग तो एकेक वस्तू काढून वर्तमानपत्रावर मांडू लागला. आधी काळ्या केसाळ मांजरीसारखा फिल्टर. मग मूठभर हिरवट काळा लगदा. मग आणखी एक मूठ. शेवटी एक रबरी नळी, जिच्या तोंडातून पानाचे धागे दाढीसारखे लोंबत होते. नळी मोकळी होताच गाडीच्या पोटातून साचलेलं पाणी जमिनीवर आलं, आणि त्या पाण्याचा वास आला तो तोच.

आ हॉकने विचारलं, “तू इथे भाजी लावली होतीस का?”

पोक लोह म्हणाला, पांदान आहे. मग हळूच विचारलं, यात बुडूचाही असेल ना थोडा?

“बुडू कुठाय यात?” आ हॉक म्हणाला. “मी रोज खातो, मला कळला नसता? थंड कॉइलवर पाणी जमतं, ते या नळीने बाहेर जायला हवं. नळी आधीच धुळीने अर्धी बुजली असेल. बाकीची तू बुजवलीस.”

त्याने कॉइल फवारून धुतली आणि सांगितलं की मुक्काम यायच्या जरा आधी थंडावा बंद करायचा, नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे आतली ओल सुकते. पोक लोह मान हलवत होता, पण त्याची नजर लगद्यावरून हटत नव्हती. ज्या पानांनी एका बाईने आपली लाज झाकू पाहिली, तीच कुजून तिच्यावर दुप्पट लाज टाकत होती, आणि कोंबणारे हात आपले होते. आ हॉक कागदाची गुंडाळी करून टाकून द्यायला निघाला तेव्हा पोक लोह म्हणाला, दे, मी टाकतो. जणू त्यावर त्याचं नाव लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायका गाडीत बसल्या. पोक लोहने बटण दाबलं. स्वच्छ, गार, कशाचाच वास नसलेली हवा आली. आता सांगायचं, असं तो रात्री ठरवून झोपला होता. त्याने घसाही खाकरला.

पण काक तिजोह आधी बोलली. “बघितलंत? मोक नाब गेली आणि उशिरा का होईना, वासही गेला. पोकचं नाक म्हणजे नाक आहे हो.”

मागच्या दोघींनी हुंकार भरला. पोक लोहने तोंड उघडलं, आणि मिटलं. समोर सिग्नल लाल नव्हता, रस्त्यात गाय नव्हती, थांबण्याचं काहीही कारण नव्हतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “हं.” त्या एका हुंकाराने बाजारात काय केलं ते त्याने त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मोक नाबच्या दुकानापुढे एक गिऱ्हाईक बाई थांबली, बाटलीला हात लावला, केळीवाल्याकडे पाहिलं, आणि पुढे गेली. मोक नाब बाटल्या पुसत बसली होती. आधीच पुसलेल्या.

आता त्याने ईदवर भिस्त ठेवली. ईदला सगळे सगळ्यांच्या घरी जातात आणि हात हातात घेऊन म्हणतात, उघड झालेल्या, मनातल्या मनात राहिलेल्या, सगळ्या चुका माफ करा. समोरचाही तेच म्हणतो. कोणती चूक, कुणाची, काही विचारत नाही कुणी. वर्षभराचं सगळं एका वाक्यात धुऊन निघतं. पोक लोहला वाटलं, या गर्दीत आपलंही एक गाठोडं निघून जाईल.

नवा कुर्ता, काळी टोपी घालून तो बायकोसोबत मोक नाबकडे गेला. तिने हसून आत घेतलं, भाताच्या वड्या आणि शेंगदाण्याची आमटी पुढे ठेवली. त्याने तिच्यापुढे वाकून ते वाक्य म्हटलं. तिने तेच परत म्हटलं, माझंही काही चुकलं असेल तर माफ करा. झालं. एवढं सोपं होतं.

मग ती बसली. पाहुण्यांच्या जवळची खुर्ची रिकामी होती. ती गेली पार दाराशी, उंबऱ्यालगतच्या स्टुलावर, जिथून तिच्यावरचा वारा घरात न येता बाहेर जात होता. स्वतःच्याच घरात. ईदच्या दिवशी. पोक लोहने हातातली भाताची वडी ताटलीत परत ठेवली.

त्याने सांगितलं. पानं, फटी, नळी, आ हॉक, सगळं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, ताटलीकडे बघत होता. त्याचं बोलणं संपलं तेव्हा मोक नाबचा चेहरा उतरला होता.

“म्हणजे माझ्याच पानांनी तुमची गाडी खराब केली?” तिने विचारलं. “अगं बाई. किती खर्च आला?”

पोक लोहला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तो घाईघाईने म्हणाला, नाही, नाही, पानं चांगली होती, कोंबली मी. वास पानांच्या आधीपासून गाडीचाच होता. तुमचा कधीच नव्हता. कधीच.

 मोक नाबने त्याच्या बायकोच्या ताटलीत आणखी एक वडी वाढली.

“हे माझ्या घरात सांगताय, पोक,” ती म्हणाली. “ते मात्र बाजारात सांगितलं होतंत.”

 

बाजार पुन्हा सुरू झाला त्या सकाळी पोक लोहने बायकांना घेतलं, पण गाडी पुलाकडे नेली. थांब्यावर मोक नाब टोपली घेऊन उभी होती. त्याने खाली उतरून टोपली उचलली. ती बसायला तयार नव्हती. तो ‘बाजारापर्यंतच’ म्हणाला, तेव्हा बसली. बाजाराच्या दारात, केळीवाल्यासमोर, काक तिजोह उतरत असताना त्याने खिशातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. आ हॉककडून आणलेली ती गुंडाळी टाकून देणं त्याला जमलं नव्हतं. ती त्याने केळ्यांच्या फळीवर उघडली. आता तो लगदा सुकून काळा झाला होता, पण वास शाबूत होता.

“हुंगा,” तो केळीवाल्याला म्हणाला. “तिजोह, तूही. गाडीत हा होता. मी कोंबला होता. मोक नाबला मी जे बोललो ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे कळल्यावरही मी गप्प बसलो.”

काक तिजोह वाकली, हुंगलं, आणि तोंड वाकडं केलं. मग तिच्यातली नकलाकार जागी झाली. तिने डोळे मिटले, नाक फुगवलं आणि पोक लोहच्या आवाजात, गंभीरपणे, म्हटलं: “बुडू.”

केळीवाला हसत खाली बसला. दुपारपर्यंत मासळीबाजारात ते पोचलं होतं. पुढच्या आठवड्यात पोक लोह एका टोपलीवर वाकला, तर विकणारी पोरगी हात जोडून म्हणाली, पोक, तुम्ही नका हुंगू, तुम्ही कल्ले बघा. त्याने मुकाट्याने कल्ले उघडून पाहिले. मासळी ताजी होती.

मोक नाबची गिऱ्हाइकं हळूहळू परतली, सगळी नाही. ती पुन्हा पुढच्या सीटवर बसू लागली. बाटल्यांवरच्या पिशव्या गेल्या, अत्तर गेलं. पण गाडीत बसली की ती न बोलता आपल्या बाजूची काच चार बोटं खाली करायची.

पहिल्या दिवशी पोक लोह म्हणाला, आता नाही येत वास, मोक नाब.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सवय लागलीय.”

काक तिजोहने मागून घसा खाकरायला सुरुवात केली, आणि आरशात पोक लोहचे डोळे पाहून मध्येच थांबली. काच उघडीच राहिली. गार हवा समुद्राकडे जात राहिली, आणि पोक लोह गाडी चालवत राहिला.