बिरादारांची दुनळी

बेलहाळात बिरादारांची घरं सात-आठ होती, पण शिवमूर्ती बिरादारांचं घर 'बंदुकीवाल्यायचं' म्हणून ओळखलं जायचं. उदगीरहून येणाऱ्या एसटीतून उतरून कुणालाही विचारा, तो बोट दाखवायच्या आधी हातांनी बंदूक रोखल्याचा आविर्भाव करायचा.

बंदूक त्यांच्या आजोबांच्या, गुरुपादप्पांच्या काळातली. निजामाच्या राज्यातला एक तालुकदार दौऱ्यावर असताना बेलहाळच्या मुक्कामी तापानं आडवा झाला. गुरुपादप्पांनी त्याला पंधरवडाभर घरी ठेवून घेतलं, ज्वारीच्या आंबलीवर उठवून बसवलं. जाताना तो आपली विलायती दुनळी बंदूक आणि पत्र्याची पेटीभर काडतुसं देऊन गेला. बंदूक अशी दणकट, की उचलणाऱ्याचं मनगट वाकायचं. दोन्ही नळ्यांवर तळ्यातल्या लाटांसारखी नक्षी होती आणि नळ्यांची तोंडं एवढी रुंद, की बायका म्हणायच्या, यातून मोसंबं जाईल. शिवमूर्तींचे वडील धोंडप्पा ती रानडुकरांवर चालवायचे. एक बार झाला, की आठ दिवस त्यांचा खांदा जांभळा दिसायचा. उजवा कान तर त्यांनी त्या बंदुकीलाच वाहिला होता.

धोंडप्पा गेले, परवाना शिवमूर्तींच्या नावावर झाला. दरवर्षी दसऱ्याला ते बंदूक पुसायचे, करडीच्या तेलाचा हात फिरवायचे आणि खांद्यावर टाकून पालखीपुढं शिवेपर्यंत चालत जायचे. बार मात्र कधी काढायचे नाहीत. गाव म्हणायचं, माणूस शहाणा, काडतूस फुकट घालवत नाही.

खरी गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, शांतम्माला ठाऊक होती. पन्नाशी गाठली तरी शिवमूर्तींनी ती बंदूक एकदाही उडवली नव्हती. लहानपणी ते शेताच्या धुऱ्यावर बसलेले असताना वडिलांनी त्यांच्या डोक्यावरून डुकरावर बार टाकला होता. त्यानंतर दोन दिवस पोराच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तो आवाज त्यांच्या अंगात तसाच राहिला होता. कुणी दार जोरात आपटलं, तरी त्यांच्या हातातला पेला सांडायचा.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून लोक खूश होते. पण जिल्हा आला अन् पाऊस गेला, असं म्हाताऱ्या बायका म्हणायच्या आणि ते खोटंही नव्हतं. विहिरीच्या तळाशी बेडूकसुद्धा उरला नव्हता. शिवमूर्तींनी बैलं शांतम्माच्या माहेरी, कर्नाटकाच्या बाजूला नेऊन बांधली. वावरात जायचं म्हणजे बांधावर उभं राहून परत यायचं.

अशात एका रविवारी टँकरपाशी अण्णाराव सोनकांबळे भेटले. अण्णाराव याच गावचे. फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले आणि लातूरला एका बँकेच्या दारात गार्ड म्हणून लागले. सुट्टीला गावी यायचे.

"अप्पा, एक बोलू का?" घागर खाली ठेवत ते म्हणाले. "आमच्या बँकेची शाखा शिरूर अनंतपाळला निघून राहिली. सायबाला गार्ड पाहिजे. सवताची बंदूक, सवताचं लायसन. पोलीस मैदानावर दोन बार उडवून दाखवायचे, बस. तुमच्याइतका बंदुकीचा माणूस तालुक्यात कोण हाय?"

शिवमूर्ती 'बघू' म्हणाले आणि रिकामी घागर घेऊनच घरी आले. शांतम्मानं घागरीत डोकावून पाहिलं, मग नवऱ्याकडं. त्यांनी सगळं सांगितलं.

"बिरादारांनी बँकेच्या दारात उभं राहायचं का?" ते म्हणाले.

"उभं राहायला काय झालं री? वावरात उभंच राहून राहिलाव न्हवं, आभाळाकडं बघत. तिथं निदान सावली तरी असंल."

"अन् बार?"

शांतम्मानं रिकामी घागर उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "ज्यानं शिकवायचं, त्याच्याकडं जावा."

संध्याकाळी शिवमूर्ती अण्णारावांच्या वस्तीत गेले. एवढ्या वर्षांत ते तिकडं फार तर दोनदा गेले असतील. अण्णाराव अंगणात दाढी करत बसले होते.

"शरणार्थ, अण्णाराव."

"जयभीम, अप्पा. इकडं कुणीकडं? या, बसा." अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी बाज पुढं ओढली.

शिवमूर्ती बसले, चहा आला, चहा संपला. मग बशीकडं बघत त्यांनी सांगून टाकलं, की आपण ही बंदूक कधीच उडवली नाही, आपल्याला तिचं भ्याव वाटतं.

अण्णाराव हसतील असं त्यांना वाटलं होतं. पण ते हसले नाहीत. गालावरचा वाळलेला साबण पुसत म्हणाले, "बरं झालं सांगितलं. भ्याव असणारा माणूस शिकवायला सोपा असतोय. ज्याला भ्याव न्हाई, त्यो पयल्याच दिवशी कुणाचा तरी पाय फोडतंय. पण आधी ताजी काडतुसं आणावी लागतील. पेटीतली किती जुनी हायेत, बसवण्णालाच ठाऊक."

उदगीरला तसली काडतुसं नव्हती, लातूरलाही नव्हती. शेवटी गोधडीत बंदूक गुंडाळून, परवाना खिशात घालून शिवमूर्ती एसटीनं नांदेडला गेले. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या सरदारजींचं बंदुकांचं दुकान होतं. सरदारजींनी बंदूक उघडली, नळीच्या तोंडात अंगठा घातला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ये बारा बोर है, बोलके कौन बोला तुमको?"

"लायसनवर तसंच लिवलंय की."

"लिखनेवाले को क्या मालूम? दस बोर है ये. नंबर छोटा, नली मोटी. बाप है बारा का. इसका कारतूस मेरे वालिद के जमाने में आता था. अब नहीं मिलता कहीं." नळ्यांवरच्या लाटांवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. "और बारा का इसमें डालना मत. ढीला बैठेगा, फूट जाएगा. घर में पुराना है तो वही चलाओ, देखभाल के. पहली बार हाथ में पकड़के नहीं. बांध के."

शिवमूर्ती परत आले ते अशा चेहऱ्यानं, की शांतम्मानं काही न विचारता पाणी पुढं केलं.

पुढच्या सुट्टीला अण्णारावांनी ती पत्र्याची पेटी उघडली. आत काडतुसं एकावर एक निजलेली. लाल कागदाची नळी, पितळी बूड, वरची इंग्रजी अक्षरं पुसून गेलेली. बरीचशी ओल लागून फुगली होती. अण्णारावांनी एकेक नळीत घालून पाहिलं. जे आपल्या वजनानं आत सरकलं आणि नळी कलती केल्यावर आपणहून बाहेर आलं, तेच ठेवायचं. जे अडलं, त्याला जबरदस्ती नाही, ते बाजूला. शेवटी चांगली म्हणावी अशी मूठभर उरली.

दोघं गावतळ्यात गेले. तळं कोरडं ठाक, भेगांत टाच जाईल असं. समोर मातीचा उंच काठ होता. अण्णारावांनी एक मोडकी बैलगाडी काठाकडं तोंड करून उभी केली, तिच्यावर बंदूक दोन पोत्यांच्या मध्ये आवळून बांधली आणि चापाला सुंभाची लांब दोरी लावली. मग दोघं मागच्या पाळूच्या, तळ्याच्या बांधाच्या, आड जाऊन पालथे पडले.

"वढा, अप्पा."

"तुमीच वढा."

"बंदूक कुणाची हाय?"

शिवमूर्तींनी डोळे मिटून दोरी ओढली. तळं हादरलं. धुराचा पांढरा लोट उठला, गावातली सगळी कुत्री एकदम ओरडली आणि काठाच्या मातीत हंड्याएवढा खड्डा पडला. धूर विरल्यावर अण्णाराव वाकून गेले, नळ्या चाचपल्या, आतून उजेडाकडं बघितलं. दुसरी नळीही तशीच उडवून पाहिली. कुठं तडा नाही, फुगवटा नाही.

"बाई म्हातारी हाय, पण हाडाची पक्की हाय," ते म्हणाले. "आता खांद्याला लावा. दस्ता घट्ट दाबायचा, पोत्याचं तोंड दाबल्यावाणी. सैल धरला तर लाथ बसंल. अन् एक गोष्ट ध्यानात ठिवा. चाप दाबला अन् बार झाला न्हाई, तर नळी हलवायची न्हाई अन् बंदूक उघडायची न्हाई. जुनं काडतूस झोपलेल्या माणसावाणी असतंय. हाक मारल्यावर कवा उठंल, नेम न्हाई."

शिवमूर्तींनी कानात कापसाचे बोळे घातले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि चाप दाबला. पुढचं त्यांना एवढंच आठवत होतं, की ते तळ्यात बसले आहेत, आकाश निळं आहे आणि खांदा जागेवर आहे. आवाज ऐकून शांतम्मा पाळूवरून धावत येत होती, पदर एकीकडं, चप्पल एकीकडं. "साकु! साकु री! बस झालं!" माहेरची कानडी आणि मराठी एक करून ती ओरडत होती. आणि शिवमूर्ती हसत होते. पोरासारखे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ज्या आवाजाला ते आयुष्यभर टरकत आले होते, तो हाच, आणि तो होऊन गेला होता. घरी जाताना बंदूक अण्णारावांनी घेतली, कारण शिवमूर्तींचा हात वर उचलत नव्हता.

पोलीस मैदानावरच्या परीक्षेचा दिवस उजाडला. लातूरला मैदानाच्या टोकाशी मातीचा ढीग आणि त्याच्यापुढं तेलाचा रिकामा डबा ठेवला होता. एक फौजदार, दोन शिपाई, बँकेचे मॅनेजर आणि मागं अण्णाराव. मॅनेजर साताऱ्याकडचे, शिडशिडीत माणूस. बंदुकीची तोंडं बघून ते आपणहून चार पावलं मागं सरकले.

शिवमूर्तींनी पाय रोवले, दस्ता दाबला, डबा नजरेत धरला आणि चाप ओढला.

खट्ट. एवढाच आवाज झाला.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. शिवमूर्तींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळं मुसळ केरात, असं वाटलं. बंदूक खाली घ्यावी, उघडावी, काय झालंय ते बघावं, म्हणून अंगठा आपोआप खिटीकडं सरकायला लागला. आणि तिथंच थांबला. झोपलेला माणूस. त्यांनी अंगठा मागं घेतला, नळी डब्यावरच ठेवली आणि मनात 'ओम नमः शिवाय' सुरू केलं. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, तरी हात हलवला नाही.

"हलू नका कुणी," फौजदार हळूच म्हणाले.

आणि बार झाला. उशिरा, स्वतःच्या मर्जीनं. डबा उडून ढिगामागं गेला. धुरात शिवमूर्ती उभेच होते. या खेपेला ते खाली बसले नाहीत.

फौजदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "दुसरा बार नको," ते म्हणाले. "बंदूक उघडली असती, तर आज आपण दवाखान्यात असतो. बिरादार, तुम्ही धीर धरला, उपकार झाले. पण ही बंदूक बँकेच्या दारात उभी राहायची नाही. माझं ऐकाल तर घरीसुद्धा ठेवू नका. इथं जमा करा."

शिवमूर्तींनी मान हलवली. नोकरी गेली, हे त्यांना कळलं. वाईटही वाटलं. पण ठाण्यात बंदूक आणि पेटी देऊन ते बाहेर आले, तेव्हा उतारावरून चालल्यासारखे पाय हलके पडत होते. आजोबांची आठवण गेली, असं मनाला बजावून पाहिलं, तरी दुःख काही वर येईना. स्टँडवर त्यांनी अण्णारावांना भज्यांचा आग्रह केला आणि स्वतः दोन प्लेटी खाल्ल्या.

"अप्पा, नोकरी गेली तुमची, अन् तुमी भजे खाऊन राहिले," अण्णाराव म्हणाले.

"भूक लागली ना बाबा. लई वर्सांनी लागली."

घरी शांतम्मा उंबऱ्यात वाट बघत होती. नवरा रिकाम्या हातानं येताना दिसला, तशी ती पायरी उतरून पुढं आली.

"बंदूक कुठाय?"

"दिली. जमा केली."

"अन् तुमी?"

"मी हाय की."

तिनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, दोन्ही हातांची बोटं बघितली आणि मग भिंतीला टेकून खालीच बसली. "बंदूक टांगलेल्या त्या भिंतीखाली मला कवा झोप लागली न्हाई," ती म्हणाली. "लगीन होऊन आल्यापून न्हाई लागली. सासऱ्याला कसं सांगायचं, म्हणून बोलले न्हाई."

"मला तरी सांगायचं."

"तुमाला तर माज्यापरीस जास्त भ्याव. तुमाला काय सांगू?"

त्या दिवशी दोघंही दिवे लागायच्या आत जेवून आडवी झाली, आणि सकाळी दूधवाल्याला कडी वाजवून उठवावं लागलं.

महिन्याभरानं अण्णाराव निरोप घेऊन आले. बँकेनं शिरूरच्या शाखेसाठी स्वतःचीच बंदूक घेतली होती, नवी, हलकी, बारा बोरची, आणि मॅनेजर विचारत होते, की बिरादार येतात का.

"सायेब काय म्हणाले, माहीत हाय का?" अण्णाराव म्हणाले. "म्हणाले, निशाणा मारणारे लई भेटतील, पण मला त्या माणसापाशी उभं राहायला भ्याव वाटत न्हाई, दुसऱ्यांपाशी वाटतं."

शिवमूर्तींनी शांतम्माकडं बघितलं. ती आधीच खुंटीवरची पिशवी काढत होती.

शिरूर अनंतपाळला शाखा उघडली, त्या आठवड्यात रोजगार हमीच्या बायका पगाराला आल्या. अंगावर खडीची धूळ, डोक्याला फडकी. रांग दारापर्यंत आली होती. सगळ्यांत पुढं पारूबाई नावाची एक म्हातारी होती. तिनं खाकी कपड्यांतल्या शिवमूर्तींना, मग त्यांच्या खांद्यावरच्या चकचकीत बंदुकीला नीट बघून घेतलं.

"बाबा, उडतीय का ही?"

"उडतीय, माय."

"मंग जरा तिकडं तोंड करून धर की. माजी नात हाय इथं रांगंत."

"हाव हाव," म्हणत शिवमूर्तींनी बंदुकीचं तोंड आभाळाकडं केलं आणि म्हातारीला पायरी चढायला हात दिला.