अठरा आकड्यांचं कडं

कुकरची शिट्टी होते न होते तोच दार धडाधड वाजलं. शेजारच्या सुभद्राबाई. हातात खराटा.

"चला बाई, तुमी कालेज शिकलेल्या. त्या मंगलला सांगा, दारातलं पुसून टाक म्हणावं. भानामती हाय ती!"

समोरच्या घरातली मंगल बारावी सायन्सची. निकाल लागायच्या आत लग्न झालं आणि केजहून इकडं चकलांब्यात आली. भाकरी थापताना आकडे घोळवायची सवय मात्र सुटली नाही. दोनापासून सुरुवात, दरवेळी मागच्या आकड्याची दुप्पट, हातचा आला तर पुढच्यात मिळवायचा, आणि मांडत जायचं उजवीकडून डावीकडं. अठरा आकडे झाले की पुन्हा दोनच हाती लागतो. म्हणून तिनं ते रांगोळीनं गोल मांडले होते. १०५२६३१५७८९४७३६८४२. वाचायला जिथून सुरुवात करायची, तिथं जास्वंदीचं फूल.

आम्ही पोचलो तर गल्लीतली भांडणं मिटवणारे अर्जुनराव तिच्या दारात आधीच येऊन उभे.

"काल फूल एकावर हुतं, आज दोनावर," सुभद्राबाई सांगू लागल्या. "हीच म्हणली, आकडा दुप्पट झाला. अन् माझ्या म्हशीचं दूध निम्म्यावर आलं! गेलं कुठं मग?"

"माझ्या आकड्यात?" मंगल म्हणाली. "मामी, म्हैस गाभण हाय, आटणारच. तरी चरवी आणा. निघालं तर काढून न्या."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अर्जुनराव नाही हसले.

"लई बोलू नको. आकडा आपोआप वाढतोच कसा?"

"आपोआप कशाला? शेवटचा दोन पुढं घेतला, दुप्पट झाली. करणी न्हाई, गुणाकार हाय. आन समोरासमोरचे कुठलेबी दोन मिळवा, नऊच येणार. तुमच्या धाकानं दहा व्हायचे न्हाईत."

मी उभ्या उभ्या मिळवून पाहिले. एक नि आठ. पाच नि चार. दोन नि सात.

"नऊच येतात हो," मी म्हणाले.

"तुमीबी तिच्यातल्याच!" सुभद्राबाई माझ्यावर घसरल्या.

अर्जुनरावांनी हात वर केला. "आजच्या आज पूस. न्हाईतर गल्लीतल्या एकाबी हळदीकुंकवाला तुला बोलावणं येणार न्हाई."

मंगलचा नवरा ऊसतोडीला गेलेला, माहेर लांब. बोलाचालायला ही गल्लीच काय ती. ती खाली बसली आणि कोंबडीनं विस्कटलेला सात चिमटीनं नीट केला.

"नका बोलावू. माझ्या हातानं हे पुसायचं न्हाई."

सुभद्राबाईंनी खराटा उचलला. मंगल आडवी गेली नाही. उठून बाजूला सरली, त्यांना वाट करून दिली.

"पुसा, मामी. रतीबाचा सगळा हिशेब तुमी तोंडी करता. पुसायच्या आधी तेवढी एकदा ह्याची दुप्पट करून बघा."