एका प्रार्थनेसाठी सहा रविवार

बेंगळुरातल्या यच्चयावत धर्मांच्या दारातून आत गेलेला, बहुतेक ठिकाणी जेवून आलेला, प्रत्येकाला "विचार करून कळवतो" असं सांगून आलेला आणि तरीही कुठेच भांडण न केलेला माणूस या शहरात एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे सहाव्या मजल्यावर, राहत होता. सोसायटीत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. ते अक्कांचे यजमान. अक्का मूळच्या निपाणीच्या, बेळ्ळंदूरच्या या इमारतीत सगळ्यांच्या अक्का. त्यामुळे यजमान आपोआप अण्णा. मी इथे मुलीबरोबर राहते, नवरा पुण्याला नोकरीला. एका कंपनीच्या लोकांना घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी पोचवणाऱ्या गाड्यांची व्यवस्था बघणं हे माझं काम. रिंग रोडवर रोज साडेचारशे माणसं वेळेवर पोचवायची असतील, तर देव आहे की नाही या प्रश्नाकडे बघायला सवड मिळत नाही. अण्णांना मात्र निवृत्तीनंतर सवडच सवड होती.

त्यांची नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी खात्यात. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोर आलेली वस्तू मापाला उतरते की नाही ते बघायचं. उतरली तर सही, नाही तर परत. कारखाना सुटला, पण सवय गेली नाही. शहाळंवाल्याकडे ते तीन शहाळी कानाशी हलवून बघत, आणि तो "सर, स्वल्प बेगा", म्हणजे जरा लवकर, असं म्हणून हात जोडी. लिफ्टमध्ये शिरताना आठ माणसांचं वजन लिहिलेली पाटी रोज वाचत, जणू काल रात्रीतून ती कुणी बदलली असावी. एका गणेशोत्सवात सगळे आरतीला उभे, आणि अण्णा स्पिरिट लेव्हल घेऊन चौरंगाशी ओणवे. चौरंग डावीकडे कलत होता. त्याखाली पुठ्ठ्याचे दोन तुकडे सरकवल्यावरच त्यांनी आरती सुरू करू दिली. खजिनदार म्हणाले, "अण्णा, आता तरी हात जोडा." अण्णा म्हणाले, "मी चौरंग तपासलाय. गणपती नाही."

ते नास्तिक होते असं मात्र कुणी म्हणू नये. मी एकदा तसं म्हणाले, तर रागावले. "नास्तिक म्हणजे रिजेक्ट. मी कुठं रिजेक्ट केलंय? तपासणी बाकी आहे." कारखान्यात ज्या मालाबद्दल निर्णय व्हायचा असतो त्याला पिवळी चिठ्ठी बांधून बाजूला ठेवतात. लग्नानंतर काही वर्षांनी अण्णांनी तशीच एक चिठ्ठी अक्कांच्या देव्हाऱ्याच्या कडीला बांधली होती. अक्कांनी ती काढली नाही. रोज सगळ्या देवांना हळदकुंकू वाहून झालं की बोटाला उरलेलं कुंकू त्या चिठ्ठीला लावत. मी पाहिली तेव्हा ती इतकी लाल झाली होती की पिवळी होती हे सांगावं लागलं.

हे सगळं असंच गमतीत चालू राहिलं असतं. पण अक्कांना चार पायऱ्या चढल्यावर धाप लागायला लागली, आणि हेब्बाळजवळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हृदयाची एक झडप बदलायची असं सांगितलं. अण्णांचं अर्धं आयुष्य पंपाच्या झडपा तपासण्यात गेलेलं. त्यांनी त्या तरुण डॉक्टरला नवी झडप कशाची, तिची गळतीची चाचणी कोण घेतं, कागद कुठे आहे, असं पाऊण तास विचारलं. डॉक्टरने न कंटाळता सगळं दाखवलं. झडप पास झाली. तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली.

त्या संध्याकाळी मी वर गेले होते. अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, माझं एक काम करायचं."

"सांग की."

"ऑपरेशनच्या आधी एकदा माझ्यासाठी देवापुढं बसा. कुठल्या बी देवापुढं, माझाच पाहिजे असं काही नाही. पण मनापासनं बसायचं. खोटं बसलात तर मला कळतंय."

हो म्हणायला दोन सेकंद लागतात. मी असते तर म्हणून मोकळी झाले असते. अण्णा म्हणाले, "बघतो." आणि ज्या माणसाने आयुष्यात "बघतो" हा शब्द टाळण्यासाठी कधीच वापरला नाही, तो दुसऱ्या दिवसापासून खरोखरच बघायला लागला. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू जा गं गाडी घेऊन यांच्याबरोबर. एकटे गेले तर कुणाच्या तरी देवाला माप लावतील." त्यांची मुलगी जर्मनीत, सातवा महिना लागलेला, तिला विमानाची परवानगी नाही. म्हणून माझे सहा रविवार अण्णांच्या नावे गेले.

पहिल्या रविवारी चर्च. अण्णा सगळ्यांबरोबर उठले, बसले, गाणं चालू असताना पुस्तकातली ओळ बोटाने धरून ठेवली. मग सगळे मिळून "मी विश्वास ठेवतो" असं काहीतरी म्हणायला लागले तेव्हा मात्र त्यांनी पुस्तक मिटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पहिल्याच कलमावर अडलो. आधी सही मागतात, माल नंतर दाखवतात." म्हाताऱ्या फादरना त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, की मागितलेलं मिळालं नाही तर तक्रार कुठे करायची. फादर हसून म्हणाले, त्याच्याकडेच. मी चाळीस वर्षं करतोय. अण्णांना हे फार आवडलं. परतताना दोनदा म्हणाले, "तक्रार नोंदवून घेतात. चांगली पद्धत आहे."

पुढच्या रविवारी गुरुद्वारात आम्ही प्रार्थनेपर्यंत पोचलोच नाही. स्वयंपाकघरात हात कमी होते, तिथे आम्हाला बसवलं. मी कणकेचे गोळे करत होते. अण्णांना पोळ्या लाटायला दिल्या, पण तासाभरात ते इतरांच्या पोळ्यांचा गोलाकार बघायला लागले आणि कडा जाड राहिलेल्या परत पाठवायला लागले. तिथल्या बायकांना वाटलं हा कुणी मोठा भाविक आहे. एकीने तर "बाबाजी, हर हफ्ते आया करो" म्हणून गळ घातली. तीन तासांनी अण्णा पिठाने पांढरे होऊन, लहान मुलासारखे खूश होऊन गाडीत बसले. घरी सगळा वृत्तांत सांगितला. अक्का म्हणाल्या, "पोळ्या झाल्या. बसलात कुठं?"

दर्ग्यात त्यांनी डोक्याला रुमाल बांधला, चादरीची घडी कशी करतात ते बघितलं, आणि जाळीला बांधलेल्या हजारो दोऱ्यांपाशी थांबले. मुजावरांनी सांगितलं, इच्छा धरून बांधायचा, पुरी झाली की येऊन सोडायचा. अण्णांचे डोळे चमकले. म्हणजे इथे मोजता येईल असं काहीतरी होतं. "सोडलेल्याची नोंद कुठं ठेवता?" मुजावर म्हणाले, "साहेब, बांधायला सगळे येतात. सोडायला कोण आठवण ठेवतो?" परतताना सिल्क बोर्डाच्या सिग्नलला अण्णा म्हणाले, "पास झालेल्या मालाची नोंदच नसेल तर तपासणार कसं गं? चूक त्यांच्या देवाची नाही. चूक गिऱ्हाइकांची आहे."

चौथ्या रविवारी मला वाटलं, सुटलो. बौद्ध विहारातल्या भिक्खूंनी सांगितलं, आम्ही सांगतो म्हणून मानू नका, स्वतः करून पाहा. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू परदेशात गावचा माणूस भेटला. "हे आमच्या खात्यातले लोक." तासभर ते श्वास मोजत बसले, पाठ ताठ, चेहरा शांत. मी दोनदा घड्याळ बघितलं. मग त्यांनी भिक्खूंना विचारलं, की आता बायकोसाठी मागायचं ते कुणाकडे मागायचं. भिक्खू अगदी प्रेमाने म्हणाले, मागायला इथे कुणी नाही. अण्णा चपला घालताना म्हणाले, "सगळं मापात आहे. पण काउंटरवर माणूस नाही."

पाचवा रविवार अक्कांच्या नेहमीच्या देवळात गेला. तिथे गुरुजींनी गोत्र, नक्षत्र विचारलं आणि सगळं स्वतःच म्हणून टाकलं. अण्णा म्हणाले, तिने मला बसायला सांगितलंय, माझ्या वतीने दुसऱ्याने बसलेलं चालणार नाही. गुरुजींनी त्यांना प्रसादाची वाटी दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सहाव्या रविवारी जैन बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, बेळगावकडचे एक गृहस्थ भेटले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तुम्ही प्रत्येक गोष्ट सगळ्या बाजूंनी बघता. म्हणजे तुम्ही आमचेच." अण्णा म्हणाले, "हे मला सगळेच म्हणतात हो." ते विनोदाने बोलले नव्हते. थकले होते.

ऑपरेशन मंगळवारी होतं. सोमवारी दुपारी अक्कांना दाखल केलं आणि आम्ही दोघं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये इडली खात बसलो. मी सरळ म्हणाले, "अण्णा, बसलो होतो म्हणून सांगून टाका. उद्या ती बाई त्या खोलीत जाणार. तिला बरं वाटेल. कुणाचं काय जातं?"

"तिला कळतंय."

"नाही कळत. बायकांना सगळं कळतं असं पुरुषांना वाटतं."

अण्णांनी चमचा खाली ठेवला. "एकेचाळीस वर्षांत मी तिला खोटं सांगितलं नाही. तिच्या गाण्याला चांगलं म्हटलं नाही, तिच्या भावाला शहाणा म्हटलं नाही. आता ती आत जाताना पहिलं खोटं सांगू? आणि तीच शेवटची गोष्ट ठरली तर?"

मी बिल द्यायला उठले.

मंगळवारी सकाळी आठला अक्कांना आत नेलं. स्ट्रेचरवरून त्यांनी अण्णांकडे भुवया उंचावून बघितलं. अण्णांनी मान आडवी हलवली. अक्का म्हणाल्या, "असू दे," आणि दार बंद झालं.

त्या मजल्यावर कोपऱ्यात एक लहानसा ओटा होता. त्यावर व्यंकटेश, क्रूस, मक्केचं चित्र, बुद्ध, सगळे एका रांगेत, समोर एकच निरांजन. सहा रविवार फिरलो ते सगळं तिथे चार फुटांत होतं. येणारे जाणारे दोन क्षण थांबत होते. अण्णा तिकडे गेले नाहीत. बंद दारासमोरच्या खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मी तासभर फोनवर माझ्या गाड्या मार्गाला लावल्या. मग दोन कॉफी घेऊन आले, तर त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेले. मला वाटलं, शेवटी एखादं स्तोत्र आठवलं असेल.

"...डाव्या कुशीवर झोपते. उजवीकडं वळवलं तर जागी होते. गोळी पाण्याबरोबर घेत नाही, ताक लागतं. भूक लागली तर सांगत नाही, चिडते. तेव्हा विचारायचं नाही, ताट वाढायचं. राग आला की भांडी घासते. घासू द्यायची. निपाणीचं नाव काढलं की बरी होते. पावसाळी हवेत डावा गुडघा..."

"अण्णा, कुणाशी बोलताय?"

ते दचकले नाहीत. "चार्ज देतोय," म्हणाले.

मला कळलं नाही हे बघून त्यांनी सावकाश सांगितलं. कारखान्यात पाळी संपली म्हणून कुणी मशीन तसंच टाकून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत थांबायचं, आणि त्याला सगळं सांगायचं. आवाज कसा येतो, कुठे तापतं, काय जपायचं. मगच घरी. "आता माझ्या हातात काही नाही. पलीकडं चार्ज घ्यायला कोण उभं आहे, आहे का नाही, मला दिसत नाही. पण सांगितल्याशिवाय मी उठणार नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत की सगळं."

"त्यांना झडपेचं सांगितलं. हे बाकीचं."

मी कॉफी त्यांच्या शेजारी ठेवली आणि दोन खुर्च्या सोडून बसले. साडेचार तास ते सांगत होते. मी सगळं ऐकलं नाही. सगळं ऐकण्यासारखं नव्हतंही. पण एकदाही पुनरुक्ती झाली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

झडप नीट बसली. दुसऱ्या दिवशी आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं. अक्का नळ्यांच्या जाळ्यात होत्या. डोळे उघडल्यावर पहिला शब्द उच्चारला तो, "बसलात?"

"बसलो," अण्णा म्हणाले. "कुठल्या देवापुढं ते विचारू नको. मला माहीत नाही."

अक्कांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. असं त्या आंबे घेताना बघत. मग म्हणाल्या, "काय मागितलंत?"

अण्णा एकदम ओशाळले. "मागायचं राहिलंच गं. तुझ्याबद्दल सांगण्यातच वेळ गेला."

अक्कांना हसू आलं, टाके दुखले, मशीन वाजायला लागलं आणि नर्सने आम्हाला "सरी, सरी, आयतु, बाहेर" म्हणत हाकललं. बाहेर आल्यावर अण्णा भिंतीला टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "कुणी ऐकलं असेल का गं?" कागद न मागता विचारलेला त्यांचा हा मी ऐकलेला एकमेव प्रश्न.

"मी ऐकलं की, अण्णा."

"तुला धरून नाही. तू कॉफी द्यायला आली होतीस," असं म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

गेल्या वर्षी ती दोघं धारवाडला राहायला गेली. अक्का ठणठणीत आहेत, दोन जिने चढतात. अण्णा अजूनही रविवारी कुठल्या ना कुठल्या दारात जाऊन उभे राहतात. आता मुदत नाही, त्यामुळे घाई नाही. सहाव्या मजल्यावर एक तरुण जोडपं आलंय, चांगली माणसं आहेत, लिफ्टमध्ये हसतात. माझे रविवार मला परत मिळाले. मध्ये एका रविवारी सकाळी, मुलगी झोपलेली असताना, मी सहज हिशेब केला, की माझ्याबद्दल साडेचार तास सलग सांगता येईल एवढं कुणाला ठाऊक आहे. नवऱ्याला चाळीस मिनिटं दिली. मुलीला अर्धा तास. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांच्याबद्दल मला तरी किती सांगता येईल, आणि नवरा कुठल्या कुशीवर झोपतो ते आठवेना. पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काय झालं? सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "काही नाही. तू झोपतोस कसा, ते सांग."