खुंटीवरचं पातं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मी पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो, पण तिथं पातं असं एकही बनवलं नाही. बिघडलेली पाती करवतीनं कापायची आणि मागच्या खड्ड्यात पुरायची, हे माझं काम. काच आणि रसायनाचं ते मढं धड जळायचं नाही की कुजायचं नाही. काचेची कुसळं अंगात शिरायची, दोनदा आंघोळ केली तरी खाज जात नसे. त्या खड्ड्याचा मला वीट आला होता.

सिद्धेश्वरजवळच्या गावी माझी मावशी बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायची. बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की कातडी सोलून निघते. पण तेच तेल तापवून त्यात रसायन घातलं की टणक होतं, असं कारखान्यात ऐकलं होतं. कुजेल असं पातं जमतंय का पाहायला एका हिवाळ्यात तिच्या बांधावरच्या अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, आणि तिच्याकडचं तेल घेऊन मी हातभर लांबीची दोन पाती केली. तेल वाखात मुरेना. मी फडकं शोधेपर्यंत मावशीनं ते तळहातानंच चोळून जिरवलं. तिचे हात कोपरापर्यंत सुजले. महिनाभर तिच्या भाकरी शेजारणीनं थापल्या.

कारखान्यातल्या इंजिनिअर साहेबांनी एक पातं मोडेपर्यंत वजन टांगून पाहिलं. ताकद चालेल म्हणाले. एका पावसाळ्यात ते मातीत कुजतं एवढं दाखव, तुझी करवत सोडवतो आणि याच कामावर घेतो. दुसरं पातं मी पावसाळ्याच्या तोंडावर मावशीच्या उकिरड्यात पुरलं, दिवाळीला काढू एवढंच म्हणालो आणि परतलो.

दिवाळीला गेलो तर पातं घरात खुंटीवर. धुतलेलं, पुसलेलं, वर गोडेतेलाचा हात दिलेलं. वाख सुटायला पाण्यात घातलेली अंबाडी पंधरा-वीस दिवसांवर राहिली की वाखच सडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. शहरात राहून मी विसरलो असेन, म्हणून तिनं ते विसाव्या दिवशी उकरून काढलं होतं.

माझं डोकं फिरलं. सडावं म्हणूनच पुरलं होतं, अख्खा पावसाळा वाया घालवलास, असं नाही नाही ते बोललो.

"माझे हात सोलून निघाले त्याच्यापायी," ती म्हणाली. "मग ते सडू काहून देऊ रे लेकरा?"

तिच्या बोटांवरचे काळे डाग अजून गेले नव्हते. मला माझीच लाज वाटली. पातं खुंटीवरून काढायला हात धजेना. नवं करू म्हटलं असतं तर तिनं पुन्हा तेलात हात घातले असते, ती नाही म्हणणारी नव्हती. म्हणून मी म्हटलंच नाही.

कामावर गेल्यावर साहेबांनी विचारलं, कुजलं का? मी नाही म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं. खड्ड्याजवळ दिवाळीच्या सुट्टीतली तीन पाती साठली होती. मी करवत उचलली.