फर्माईश वहीतला लाल गोल

"लाल गोलाबद्दल विचारायचं नाही."

आमच्या सिनेमंडळात पाऊल टाकलं त्या दिवशी मला सांगितलेला हा पहिला नियम. चपला कुठे काढायच्या, पंख्याचं बटण कुठलं, हे सगळं नंतर. आधी लाल गोल.

आणि मी खरंच विचारलं नाही. त्याहून भयंकर काम केलं. सांगते, पण मध्ये हसू नका. बरं, हसा. तसंही माझ्या अब्रूचं आता काही शिल्लक नाहीये.

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या एका जुन्या हॉलमध्ये आमचं मंडळ दर रविवारी दुपारी सिनेमा दाखवतं. चाळीस खुर्च्या, खिडक्यांना काळे पडदे, एक प्रोजेक्टर. तो चालवतो पप्पू भिया. त्याने 'हौ' म्हटलं की सिनेमा सुरू, 'नी हो रिया' म्हटलं की सगळ्यांनी घरी जायचं. बाकी कारभार सहा म्हाताऱ्यांचा. अध्यक्ष बापूकाका, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज पलटणीतला. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि बापूकाका अजून तिथून परत आलेले नाहीत. सेक्रेटरी शैलामावशी. बाकीचे चौघे मान हलवतात.

बाहेर फळा असतो. येत्या महिन्याचे खेळ त्यावर लिहायचे, हे काम माझं. पहिला रविवार अमुक, दुसरा तमुक, तिसरा लहान मुलांचा खेळ आणि चर्चा. शेवटचा रविवार? कोरा.

"त्या दिवशी हॉल बंद?" मी विचारलं.

"हॉल चालू. फळा कोरा," बापूकाका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे कोरा."

मला तर तोच रविवार हवा होता. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या कॉलेजच्या आठ पोरांनी शॉर्ट फिल्म्स केल्या होत्या. दाखवायला जागा नाही. 'मी बघते ना,' असं मी छाती ठोकून सांगून आले होते. आठ जणांनी घरी आई-बापांना सांगून टाकलं होतं. आणि इथे शेवटच्या रविवारी हॉलमध्ये कोण काय बघतं, हे सांगायलाही कोणी तयार नाही.

मग एकदा फर्माईश वही माझ्या हाती लागली. प्रत्येक सदस्याने त्यात आपल्याला बघायचा असलेला एक सिनेमा लिहायचा, अशी जुनी पद्धत. मीही आल्या आल्या लिहिला होता, पेन ड्राइव्हसकट दिला होता. पण काही सदस्यांच्या नावांभोवती लाल गोल होते, आणि गोल केलेल्या प्रत्येकाचा सिनेमा कुठल्या ना कुठल्या शेवटच्या रविवारी दाखवलेला! समोर तारीख, खाली शैलामावशींची सही.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? सेटिंग! आपल्या माणसांच्या नावाला गोल करायचा आणि त्यांना खाजगी खेळ दाखवायचा. त्या नावांपैकी मी एकालाही ओळखत नव्हते. म्हटलं, असतील कोणी बडे लोक, मागच्या दाराने येणारे.

मी बापूकाकांशी कडाकडा भांडले. "हे चालणार नाही, काका! मंडळ सगळ्यांचं आहे!"

"शरू, तू अजून लहान आहेस."

बस्स. डोक्यात तिडीक गेली. मी ग्रुप सोडला, बापूकाकांचा नंबर ब्लॉक केला, आणि जाता जाता शैलामावशींच्या टेबलावरचं लाल पेन उचलून वहीत माझ्याच नावाभोवती एक झकास गोल काढला. म्हटलं, बघू या. निमूट माझा सिनेमा लावला, की रंगेहाथ पकडते, आणि तो रविवार पोरांना मिळवून देते. काय डोकं! त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होते.

तीन आठवडे मी तिकडे फिरकले नाही.

शेवटच्या रविवारी दुपारी चारला, खेळाची वेळ होऊन दोन तास झाल्यावर पोचले. उकाडा असा की पांढरा कुर्ता घातलेला, केस नुकतेच धुऊन मोकळे सोडलेले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फळा कोरा. शटर अर्धं खाली. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. दाराबाहेर चपलांचे सहा जोड एका रांगेत, आणि बरोब्बर मधोमध एका जोडापुरती जागा सोडलेली.

का कोण जाणे, मी माझ्या चपला तिथे नाही काढल्या. लांब, कोपऱ्यात काढल्या.

आत पाऊल टाकलं तर उदबत्तीचा वास. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. आवाज नाही, संगीत नाही, फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. मागच्या रांगेत सहा पांढरी डोकी, एकही हलत नव्हतं. सिनेमा बघताना माणूस खोकतो, खाजवतो, कूस बदलतो. हे सहा जण नुसते बसले होते.

आणि अख्खी पुढची रांग रिकामी. मधल्या एका खुर्चीवर शाल पांघरलेली. शालीवर ताटली. ताटलीत भुट्ट्याचा कीस, वर भरपूर जीरावण मसाला, लिंबू नाही.

लिंबाशिवाय कीस मीच खाते. अख्ख्या इंदूरात मीच.

खुर्चीच्या पाठीला चिठ्ठी होती. पडद्यावर उजेड वाढला तशी वाचता आली. माझं नाव.

अंगातलं रक्त गोठलं म्हणतात ना, मी त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. मी मागे सरकले, आणि नेमकी प्रोजेक्टरच्या झोतात उभी राहिले. पांढरा कुर्ता, मोकळे केस, तोंडावर कुठल्यातरी डोंगराचं चित्र!

शैलामावशी किंचाळल्या. पप्पू भियाच्या हातातून चहाचा ग्लास पडला. "अरे बाप रे! ये तो आ गई!"

बापूकाका मात्र शांतपणे उठले आणि त्यांनी हात जोडले. मला! आयुष्यात पहिल्यांदा!

"आलीस, बाळ?" त्यांचा पलटणीतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बस. तुझंच आहे सगळं."

"काका, हे काय चाललंय?"

"बोलतेय," मान हलवणाऱ्यांपैकी एकजण पुटपुटले.

"पाय बघा! आधी पाय बघा!" मावशी.

टॉर्चचा उजेड माझ्या पावलांवर पडला.

"सरळ आहेत."

"नक्की?"

"अहो, नेलपॉलिश आहे!"

"मी जिवंत आहे!" मी ओरडले.

"सुरुवातीला असंच वाटतं," बापूकाका मायेनं म्हणाले.

शेवटी पप्पू भियाने येऊन माझ्या दंडाला चिमटा काढला, मी त्याला इंदुरी हिंदीत जे काय ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही, आणि तेव्हा कुठे सगळ्यांची खात्री पटली. दिवे लागले.

मग कळलं. लाल गोल म्हणजे तो सदस्य वारला. फर्माईश पुरी व्हायच्या आत जो जातो, त्याचा सिनेमा शेवटच्या रविवारी त्याच्या रिकाम्या खुर्चीला दाखवायचा. फळ्यावर लिहायचं नाही, कारण तो खेळ दुसऱ्या कोणासाठी नाही. ज्याला बातमी कळेल त्याने गोल करायचा, आणि बाकीच्यांनी विचारायचं नाही. विचारलं की सांगावं लागतं, आणि ते कोणालाच जमत नाही.

"पण मला एक फोन तरी करायचा!"

"रोज केला," बापूकाका म्हणाले. "लागतच नव्हता."

हो. ब्लॉक.

"मग घरी करायचा!"

"आणि तुझ्या आईला काय विचारायचं?" मावशींनी डोळे पुसले. "अहो, शरू गेली का हो, असं?"

"पर गोला बनाया किसने?" पप्पू भियाने विचारलं.

सहाही जण एकमेकांकडे बघू लागले. मग हळूहळू सगळे माझ्याकडे. मी किसाकडे बघितलं.

"मी," म्हटलं. "मला वाटलं, सेटिंग आहे."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. बापूकाका खाली बसले, वही मांडीवर घेतली आणि बराच वेळ माझ्या नावावरून अंगठा फिरवत राहिले.

"चूक आमची," ते म्हणाले. "न विचारता एक जिवंत पोरगी मारली आम्ही. ही पद्धत आजपासून बंद. शेवटचा रविवार तुझ्या त्या राऊच्या पोरांना दे. फळ्यावर लिही."

ज्याच्यासाठी एवढी भांडले तो रविवार त्यांनी माझ्या हातात ठेवला! हो म्हणायचं होतं फक्त. आठ पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. त्यांना काय सांगायचं, हे अजून माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"आता काय नाही?"

"हा रविवार मी घेणार नाही. पोरांसाठी तुमच्याशी दुसऱ्या रविवारवरून भांडेन, तयारीत राहा. पण हा बंद नाही करायचा. आणि तुमचा तो नियमही मी पाळणार नाही. मी विचारणार. प्रत्येक गोलाला विचारणार. कोण होतं, कुठे बसायचं, काय खायचं. आणि तुम्ही सांगायचं. रडू आलं तरी सांगायचं!"

बापूकाकांनी वहीचं पहिलं पान उघडलं, पहिल्या गोलावर बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

मी पडद्याकडे बघितलं. एक म्हातारा पाठीवर दरवाजा घेऊन डोंगर चढत होता. दोन तास झाले, तो अजून अर्ध्या डोंगरावर होता. या सहा जणांनी माझ्यासाठी त्यातला क्षण न् क्षण बघितला होता, न खोकता.

मी तो सिनेमा कधीच पाहिलेला नव्हता. लोकांवर छाप पडावी म्हणून लिहिला होता.